खपलीखालचं भांडण

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर होते, की क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांमधून एकत्र चालणारी मोठी कथा, आला रे आला की वर्षानुवर्षं एकत्र लढलेले सुपरहिरो एकमेकांच्या नरडीचा घोट घ्यायला का उठतात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आज एवढंच घेतेय. शेवट फोडल्याशिवाय यातलं काहीच धड बोलता येत नाही, तेव्हा ज्यांना आधी कॉमिक्स वाचायची आहेत त्यांनी हे पान दुमडून ठेवा आणि वाचून झालं की या.

प्रश्न : ताई, सिव्हिल वॉरचे सातही अंक एका बैठकीत वाचले. पण एका कायद्यावरून कॅप आणि आयर्न मॅन इतक्या टोकाला कसे जातात ते काही पटलं नाही. एवढे जुने दोस्त, आणि नाव नोंदवायचं की नाही यावरून हाडं मोडेपर्यंत मारामारी? माझं काही वाचायचं राहिलंय का?

हो, बरंच राहिलंय, पण त्यात तुमची चूक नाही कारण त्या सात अंकांत ते कुणी सांगत बसत नाही. मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हनची ती सिरीज २००६ मध्ये सुरू झाली, स्टॅमफर्डमध्ये नायट्रो नावाचा खलनायक स्फोट घडवतो, सहाशेच्या वर माणसं जातात, त्यात शाळेतली पोरं, मग सुपरहिरोंनी सरकारकडे नाव नोंदवायचं असा कायदा येतो, टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन त्याच्या बाजूने आणि स्टीव्ह रॉजर्स म्हणजे कॅप विरोधात. तेवढंच वाचलं तर हे सगळं एकदम आल्यासारखं वाटणारच. पण कायदा हे निमित्त आहे हो. खपली आधीपासून होती, कायद्याने ती फक्त निघाली.

जखम बघायची तर १९८७-८८ मध्ये जावं लागतं, आर्मर वॉर्स, आयर्न मॅनचे अंक २२५ ते २३२. टोनीच्या चिलखताचं तंत्रज्ञान चोरीला जातं, भलत्याच लोकांच्या हातात पडतं, आणि हे कळल्यावर तो ते जिथे असेल तिथे जाऊन बंद पाडत सुटतो. गुन्हेगारांची चिलखतं बंद पाडली तिथवर ठीक, पण मग तो द व्हॉल्ट नावाच्या सरकारी तुरुंगात शिरतो आणि तिथल्या पहारेकऱ्यांचे सूट पण निकामी करायला लागतो. आता त्या काळात स्टीव्हची अवस्था काय होती बघा. सरकारशी बिनसल्यामुळे त्याने कॅप्टन अमेरिकाचा युनिफॉर्म आणि ती गोल ढाल दोन्ही परत करून टाकलेलं होतं, नुसतं द कॅप्टन म्हणून काळ्या पोशाखात फिरत होता, आणि त्याच्या हातात जी ढाल होती ती टोनीने बनवून दिलेली, अडामँटियम या अतूट धातूची. तो व्हॉल्टमध्ये टोनीला अडवायला उभा राहतो आणि टोनी त्याला आडवा करून, आपलं काम उरकून निघून जातो. त्यानंतर स्टीव्ह ती ढाल त्याला परत करतो. दोस्ताने दिलेली वस्तू परत करणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. माझ्या लेखी सिव्हिल वॉर तिथे सुरू झालं.

मग १९९२ मध्ये ऑपरेशन गॅलॅक्टिक स्टॉर्म, तब्बल १९ भागांचा क्रॉसओव्हर. क्री या परग्रहवासीयांच्या साम्राज्यावर बॉम्ब पडतो, अब्जावधी मरतात, आणि यामागे त्यांचाच सर्वोच्च मेंदू, सुप्रीम इंटेलिजन्स होता असं उघड होतं. कॅप म्हणतो आपण ॲव्हेंजर्स आहोत, आपण फाशी देत नाही. टोनी अर्धी टीम घेऊन जातो आणि त्याला संपवतो, शेवटचा घाव ब्लॅक नाइटचा असला तरी पुढे होऊन नेलं टोनीनेच. म्हणजे कॅपच्या डोक्यात टोनीची एक फाइल तयार झालेली आहे, की हा माणूस एकदा त्याला वाटलं की आपलंच बरोबर, की मग कायदा, मैत्री, टीमचं मत सगळं बाजूला सारतो. आणि टोनीच्या डोक्यात कॅपची फाइल, की हा नेहमी स्वच्छ राहतो, कारण घाण उपसायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर ते इतकं लागतं.

आता सिव्हिल वॉरचा तिसरा अंक परत उघडा. केमिकल प्लांटमध्ये दोन्ही बाजू समोरासमोर, टोनी बोलणी करू म्हणतो, हात पुढे करतो, कॅप तो हात हातात घेतो. आणि त्याच शेकहँडमध्ये एक बारीकसं यंत्र चिलखतावर चिकटवतो, चिलखत जागच्या जागी जाम. पहिल्यांदा वाचताना वाटतं कॅपने दगा दिला. पण आर्मर वॉर्समध्ये टोनी समोरच्याच्या चिलखतावर नेमकं असंच छोटंसं पॅक चिकटवून ते कायमचं बंद पाडायचा! मला ते पान पाहिलं की दर वेळी व्हॉल्टच आठवतो, जे तू केलंस तेच मी तुला करून दाखवतो, असं काहीतरी त्या हातात आहे.

या दोघांचा सगळा जुना हिशोब एकाच ठिकाणी वाचायचा असेल तर आयर्न मॅन/कॅप्टन अमेरिका : कॅज्युअल्टीज ऑफ वॉर हा २००७ चा सुटा अंक घ्या. ॲव्हेंजर्स मॅन्शनच्या पडक्या अवशेषांमध्ये दोघंच भेटतात, आणि बोलता बोलता एकेक जुनी गोष्ट निघते, चांगल्या पण निघतात बरं का. टोनीला हातांनी लढायला शिकवलं ते कॅपने, १९७९ च्या अंकात. आणि दारूपायी टोनी पार रसातळाला गेला होता तेव्हा त्याला शोधत गेला तो पण कॅपच. हे सगळं आठवून पण शेवटी तिथेही हातघाईवर येतातच. मला तो अंक मुख्य सिरीजपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात शत्रू नाही, बाकी टीम नाही, फक्त दोन माणसं आणि त्यांच्या पायाखाली त्यांचं मोडलेलं घर.

प्रश्न : तुम्ही या भांडणांना एवढं मोठं करून सांगता, पण खरं तर हा सगळा विक्रीचा मामला नाही का? रायटरला भांडण लावायचं असतं म्हणून तो मागचं काहीतरी शोधतो, नाहीतर सरळ नवीन घुसडतो.

क्रॉसओव्हर विकायलाच काढतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि घुसडतात हे पण खरं. इल्युमिनाटी घ्या, टोनी, रीड रिचर्ड्स, डॉक्टर स्ट्रेंज, ब्लॅक बोल्ट, प्रोफेसर एक्स आणि नेमोर यांची गुप्त बैठक, ही वाचकांसमोर आली २००५ मध्ये, पण कथेत ती क्री-स्क्रल युद्धानंतर, म्हणजे १९७० च्या दशकातल्या कॉमिक्सच्या काळात बसवली.

पण माझं म्हणणं असं की काही अढी उगवलेल्या असतात आणि काही मागाहून पेरलेल्या, आणि पेरलेली असली म्हणून ती खोटी ठरत नाही, बघायचं एवढंच की ती त्या माणसाच्या स्वभावात रुजते का. इल्युमिनाटी रुजली, कारण टोनी आणि रीड लोकांच्या पाठीमागे निर्णय घेतील यावर कुणाचाही लगेच विश्वास बसतो. उलट २०१६ चं सिव्हिल वॉर २ बघा, टोनी विरुद्ध कॅप्टन मार्व्हल. कॅरल डॅनव्हर्स आणि टोनी यांच्यात खरीखुरी जुनी गोष्ट होती, दोघांनी दारूशी लढा दिलाय आणि कॅरलच्या वाईट काळात तिचं व्यसन ओळखून मदतीला उभा राहिला तो टोनी. केवढं मोठं धन पडलं होतं तिथे! पण भांडण झालं ते भविष्य सांगणाऱ्या एका मुलावरून, आणि जुनं सगळं जवळपास कोपऱ्यातच राहिलं. म्हणून ती लढाई मोठी असून हलकी वाटते. विक्रीचंच बोलायचं तर दोन्हीही विक्रीसाठीच होत्या, तरी एक मनात राहते आणि दुसरी नाही राहत, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

प्रश्न : सायक्लॉप्स आणि वुल्व्हरिन यांचं वैर म्हणजे शेवटी जीन ग्रेवरूनच ना?

नाही, आणि हो. थोडं थांबून सांगते कारण हा माझा फार जवळचा विषय आहे.

सायक्लॉप्स १९६३ पासूनचा, वुल्व्हरिन एक्स-मेनच्या टीममध्ये आला १९७५ ला, आणि पुढची ३०-३५ वर्षं लोक याला जीनवर प्रेम करणाऱ्या दोघांचा त्रिकोण म्हणूनच वाचत आले. २०११ मध्ये जेसन आरनने एक्स-मेन : स्किझम लिहिलं, पाच अंक, आणि त्यात फूट पडते ती मुलांवरून. इडी ही १४ वर्षांची मुलगी, म्युझियममध्ये हेलफायर क्लब या शत्रूंच्या टोळीचे सैनिक लोकांना ओलीस धरतात, सायक्लॉप्स दूर आहे, तो तिला सांगतो तुला जे करावं लागेल असं वाटतं ते कर. वुल्व्हरिन जीव तोडून सांगत असतो की नको, तिला नको, मी पोचतोय. आणि ती त्या सैनिकांना मारून टाकते. वुल्व्हरिनच्या हातून किती जण गेलेत त्याची गणतीच नाही, म्हणूनच त्याला माहितीय की पहिल्या खुनानंतर मूल मूल राहत नाही. सायक्लॉप्सला दिसतं की आपली म्यूटंट जमात, म्हणजे जन्मतःच शक्ती असलेली माणसं, संपत आलीय, २००५ च्या हाउस ऑफ एममध्ये जादूगारीण वांडाच्या तीन शब्दांनी लाखो म्यूटंट्सच्या शक्ती गेल्यात, आता मुलांना लढायला शिकवलं नाही तर उद्या मुलंच उरणार नाहीत. सांगा कोण चूक! मी इतक्या वेळा वाचलं, अजून ठरवू शकले नाही.

मग चौथ्या अंकात एक्स-मेन राहतात त्या बेटाकडे एक प्रचंड सेंटिनेल, म्हणजे म्यूटंट्सना मारायला बनवलेला रोबो, चालून येतोय, वुल्व्हरिन म्हणतो मुलांना घेऊन निघूया, सायक्लॉप्स म्हणतो इथेच उभं राहायचं, आवाज चढत जातात आणि वुल्व्हरिन जीनचं नाव काढतो. बस. सायक्लॉप्स म्हणतो की तिचं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं, तू तिला घाबरवायचास. आणि वुल्व्हरिनचं उत्तर असं की आज इथे ती असती तर कुणाला घाबरली असती? ॲलन डेव्हिसने ते चेहरे असे काढलेत की पुढचे ठोसे बघायची गरजच पडत नाही. सेंटिनेल मागून येतोय आणि हे दोघं एकमेकांना फाडतायत. जीन कथेत २००४ पासून मेलेली आहे, म्हणजे सात वर्षं दोघांनी हे वाक्य पोटात ठेवलं आणि काढलं ते कुठे तर जिथे त्याचा संबंधच नव्हता. म्हणून नाही आणि हो. भांडण मुलांचंच होतं, फक्त मारायला हाताशी लागलं ते जीनचं नाव.

आणि पुढे काय तर वुल्व्हरिन अर्धी टीम घेऊन जातो, शाळा काढतो आणि तिला नाव देतो जीन ग्रेचं. २०१२ च्या ॲव्हेंजर्स विरुद्ध एक्स-मेनमध्ये तो ॲव्हेंजर्सच्या बाजूने उभा असतो तेव्हा त्याला फितूर म्हणणाऱ्यांनी स्किझम वाचलेलं नसतं एवढंच मी म्हणेन.

प्रश्न : वर्ल्ड वॉर हल्कमध्ये हल्कचा राग मला शंभर टक्के बरोबर वाटतो. तुमचं मत?

अवकाशात हाकलून दिलं त्याचा राग शंभर टक्के बरोबर. टोनी, रीड, स्ट्रेंज आणि ब्लॅक बोल्ट यांनी त्याला फसवून यानात बसवलं, एकट्या नेमोरने विरोध केला होता. पण हल्क परत येतो तो ज्या ग्रहावर जाऊन पडला तिथली बायको आणि अख्खं शहर गमावल्याचा सूड घ्यायला, त्याला वाटतं यानाचा स्फोट याच चौघांनी घडवला, आणि पाचव्या अंकात कळतं की यानाशी छेडछाड त्या ग्रहाचा जुना राजा रेड किंग याच्या माणसांनी केली होती आणि हल्कच्याच वॉरबाउंड या साथीदारांच्या टोळीतला मीक ते बघून गप्प बसला होता. म्हणजे डूख धरायला कारण होतं, पण डंख भलत्याच गुन्ह्यासाठी मारला. तरी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांना एकमेकांशी लढायला लावून शेवटी मारत नाही तो, ते मला हल्कचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

प्रश्न : डीसीमध्ये बॅटमन स्वतःच्याच टीमवर पाळत का ठेवतो? हे संशयी स्वभावामुळे, की खरंच कुणी काही केलं होतं?

केलं होतं, आणि जे केलं ते मला आजही वाचवत नाही. २००४ चं आयडेंटिटी क्रायसिस, सात अंक, ब्रॅड मेल्ट्झर आणि रॅग्ज मोरालेस. इलाँगेटेड मॅनची बायको सू डिबनी मारली जाते आणि चौकशीत जुनं प्रकरण वर येतं. पूर्वी डॉक्टर लाइट या खलनायकाने जस्टिस लीग या बॅटमनच्या टीमच्या सॅटेलाइटवर घुसून सूवर अत्याचार केला होता, त्याला पकडल्यावर उपस्थित सदस्यांनी मत घेतलं की टीममधल्या झटानाच्या जादूने याचं मनच बदलून टाकायचं का. तीन बाजूने, तीन विरोधात, बॅरी ॲलन म्हणजे फ्लॅशच्या मताने निर्णय लागला. एका अत्याचाऱ्याबद्दल कुणाला दया येत नाही, माझं पण मन तिथवर त्यांच्या बाजूनेच होतं. पण त्याच वेळी बॅटमन परत येतो, काय चाललंय ते बघतो, थांबवायला जातो, आणि हे लोक त्यालाही जागच्या जागी गोठवतात आणि त्याची तेवढी आठवण पुसून टाकतात. ज्याची सगळी ताकद त्याचं डोकं, त्याच्या डोक्यात त्याचे मित्र हात घालतात.

ही पण पेरलेली अढी, जुन्या सॅटेलाइटच्या काळात मागाहून ठेवलेली, पण रुजली कशी बघा. बॅटमनला आठवतं, मग कळतं की ब्रदर आय नावाचा पाळत ठेवणारा उपग्रह त्याने याच अविश्वासातून बांधला, तो मॅक्सवेल लॉर्ड या खलनायकाच्या हाती जातो, लॉर्ड सुपरमॅनच्या मनावर ताबा मिळवतो, वंडर वुमन लॉर्डची मान मोडते आणि ते दृश्य जगभर दाखवलं जातं. एका खोलीत घेतलेल्या मतदानातून इथपर्यंत! २००५ च्या इन्फिनिट क्रायसिसच्या पहिल्या अंकात चंद्रावरच्या उद्ध्वस्त वॉचटॉवरमध्ये तिघं उभे आहेत, सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन, आणि कुणीच कुणाचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नाही. बॅटमन सुपरमॅनला सुनावतो की तू शेवटचं कुणाला प्रेरणा दिलीस ते मेलेला होतास तेव्हा (सुपरमॅन मागे एकदा मरून परत आलेला होता). इतकं क्रूर वाक्य शत्रूला सुचत नाही हो, त्यासाठी माणूस जवळचाच लागतो.

प्रश्न : अशी एखादी अढी आहे का जी कधीच मिटली नाही?

वाकांडाचा राजा टीचाला म्हणजे ब्लॅक पँथर, आणि समुद्राखालच्या अटलांटिसचा राजा नेमोर. २०१२ मध्ये फिनिक्स नावाची अवकाशातली प्रचंड शक्ती अंगात असताना नेमोरने वाकांडावर समुद्र आणला, माणसं बुडाली. आणि पुढच्याच वर्षी जगं एकमेकांवर आदळायला लागली तेव्हा इल्युमिनाटी परत जमते ती कुठे तर वाकांडातच, टीचालाच्या पूर्वजांच्या समाध्यांच्या नगरीत. ज्याने घर बुडवलं त्याच्याबरोबर रोज एका टेबलावर बसून जग वाचवायचं. टीचालाने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की हे काम संपलं की मी तुला मारणार आहे. दरम्यान वाकांडा अटलांटिसवर हल्ला करतं, नेमोर थानोसच्या फौजा वाकांडावर पाठवतो, दोन्हीकडे प्रेतंच प्रेतं. शेवटी एका नष्ट होणाऱ्या पृथ्वीवर टीचाला नेमोरच्या अंगात पातं खुपसतो आणि त्याला तिथेच टाकून येतो. नेमोर वाचतो ते सोडा. मला त्यात लक्षात राहतं ते असं की टीचालाला त्यानंतर हलकं वाटलंय असं एकही पॅनेल मला दिसलं नाही.

प्रश्न : मिटलेली पण एखादी सांगा ना, नाहीतर हे सगळं वाचून फार जड होतं.

हॉकआय आणि कॅप. १९६५ मध्ये ॲव्हेंजर्स अंक १६ ला जुने मोठे हिरो रजेवर जातात आणि टीममध्ये उरतात कॅप, हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि वांडा. हॉकआयला स्वतःला टीमचा प्रमुख व्हायचं असतं, तो उठता-बसता कॅपला टोमणे मारतो, म्हातारा म्हणून हिणवतो, प्रत्येक ऑर्डरवर वाद. कुठली माफी नाही, कुठला मोठा सीन नाही, अंकामागून अंक बरोबर लढता लढता तो राग आदरात बदलत गेला आणि १९८४ ला वेस्ट कोस्ट टीम उभी राहिली तेव्हा तिचा प्रमुख हॉकआयच होता, आणि जे कॅप त्याला सांगायचा तेच तो आता आपल्या लोकांना सांगायला लागला. मला हे फार गोड वाटतं. क्रॉसओव्हरवाल्यांना यात काही मिळत नाही म्हणून कुणी सांगत नाही एवढंच.

प्रश्न : मला हे सगळं पहिल्यांदाच वाचायचंय. कॅप आणि टोनीचं कुठून धरू?

आर्मर वॉर्सपासून धरा, गॅलॅक्टिक स्टॉर्म पूर्ण १९ भाग नको, त्यातले शेवटचे तेवढे वाचा, मग सिव्हिल वॉरचे सात, त्यांच्या जोडीला कॅज्युअल्टीज ऑफ वॉर. त्यानंतर एड ब्रुबेकरच्या कॅप्टन अमेरिकाचा २५ वा अंक, ज्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर कॅपला गोळ्या लागतात. आणि सगळ्यात शेवटी द कन्फेशन, बेंडिस आणि ॲलेक्स मलीव्हचा सुटा अंक. त्याची पानं पुढे-मागे करू नका, जशी आहेत तशीच वाचा. आधी टोनी एकटा बसून कॅपच्या प्रेताशी बोलतो, खूप बोलतो, आणि शेवटी रडत म्हणतो की याची किंमत वसूल झाली नाही. मग कथा मागे जाते, कॅप जिवंत आहे, कोठडीत आहे, आणि तो टोनीला विचारतो की हे सगळं करून मिळालं ते त्या मोलाचं होतं का, सांग मला. टोनी तेव्हा काहीच बोलत नाही.